सपाट जागा

शिवथरच्या खोऱ्यात सपाट जागा ही काय चीज आहे ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. वर वरंध घाटाचे कडे, खाली सावित्रीच्या खोऱ्याकडे उतरत गेलेला मुलूख, मधे ओढे आणि पऱ्ये. जिथे म्हणून बैल उभा राहील तिथे भाताचं खाचर. जिथे बैल उभा राहत नाही तिथे नाचणी नाहीतर वरी. दोन गुंठे सपाट दिसली की तिला मालक असतो. मालकाला आडनाव असतं आणि आडनावाला जात असते. हे आपल्याला कुठल्या मास्तरानं शिकवलं नाही. चेंडू कुणाच्या खाचरात गेला आणि तो आणायला कुणी जायचं नाही, यावरून आपण ते शिकलो.

भात कापून झालं की खाचरं मोकळी होतात. मग मोडक्या फळीची बॅट, तीन काटक्या, आणि पोरं सुटली. ती थेट नांगरटीपर्यंत. पण खेळायला मिळायचं ते 'खेळू द्या की' म्हणून. मालकाचा मूड गेला की खेळ संपला. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. आपल्या वाडीचं बालपण असं दुसऱ्याच्या खाचरात, त्याच्या मर्जीवर गेलं. कुणी मारलं नाही, कुणी हाकललं नाही, असंही झालं असेल. पण मर्जी ती मर्जीच. हक्क नव्हे.

आता गावोगाव क्रीडांगणाची आखणी निघते. निधी मंजूर होतो. जुनं मैदान असेल तर त्याचं नूतनीकरण, नसेल तर नवं. टेप घेऊन माणसं येतात, खुंट्या ठोकतात, फक्की टाकतात. कागदावर धावपट्टी, कबड्डीचं मैदान, कुंपण, फाटक, फलक. आपली पोरं म्हणतात, मैदान होतंय ना, मग चांगलंच आहे. त्यात इतिहास कसला आणता?

दोस्तहो, हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिला आहे. शिवथर म्हटलं की महाराष्ट्राला घळ आठवते. धुळ्याच्या शंकर कृष्ण देवांनी १९३० साली ती शोधून काढली, रामदासांनी दासबोध तिथे लिहिला असं सांगितलं जातं. तिथवर लोक येतात, दर्शन घेतात, धबधबा बघतात आणि परत जातात. पण ह्याच तालुक्यात, ह्याच महाडात, त्याआधी तीन वर्षं दुसरं काहीतरी घडलं होतं. सार्वजनिक जागा कुणाची, या प्रश्नाचा ह्या देशातला सगळ्यात मोठा धडा महाडात लिहिला गेला. तो आपल्या दारात आहे आणि आपण तो फक्त २० मार्चला वाचतो. मैदानाची आखणी चालू असते त्या दिवशी तो वाचला पाहिजे.

पहिला धडा : ठराव म्हणजे जागा नव्हे

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. ठराव पास झाला. ५ जानेवारी १९२४ रोजी महाडच्या नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं.

कागदावर सगळं झालं होतं. पण तीन वर्षं एकाही अस्पृश्याने त्या तळ्यावर ओंजळ भरली नाही. कारण ठराव दप्तरात होता आणि काठी तळ्यावर होती.

आणखी एक गोष्ट बघा. बोले ठरावाची यादी पुन्हा वाचा. विहीर आहे, शाळा आहे, दवाखाना आहे. मैदान नाही. कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण अस्पृश्याचं पोर खेळेल ही कल्पनाच तेव्हा नव्हती. त्याला तहान लागते हे मान्य करायला १९२३ साल उजाडलं. त्याला खेळावंसं वाटतं हे मान्य करायला आणखी किती वर्षं लागली, मोजा.

दुसरा धडा : सभेला जागा कुणी दिली?

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस अशी मंडळी खपत होती. परिषदेला आलेल्या हजारो माणसांना पिण्यासाठी पाणी मिळेना, ते विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं. चवदार तळं भरलेलं होतं आणि परिषद पाणी विकत घेत होती. २० तारखेला बाबासाहेब सगळ्यांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून मंडपावर आणि वाटेवरच्या माणसांवर हल्ला झाला. जेवणाऱ्यांची ताटं उधळली गेली. अनेकांनी मुसलमानांच्या घरात आसरा घेतला. मग तळं शुद्ध करून घेतलं, १०८ घागरी पाणी काढून आणि शेणगोमूत्र टाकून. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली होती त्या दिवशी.

हे आपल्याला पाठ आहे. पण डिसेंबरातली एक गोष्ट आपण भरभर वाचून पुढे जातो. २५ डिसेंबरला सत्याग्रह परिषद ठरली. हजारो माणसं येणार. मंडप कुठे घालायचा? महाडात सवर्णांनी जागा देईनात. व्यापारी धान्य विकेनात, शिधा बाहेरून आणून ठेवावा लागला. शेवटी जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने, स्वतःच्या मालकीची.

बाबासाहेब मुंबईहून पद्मावती बोटीने दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून लोकांबरोबर पायी महाडला आले. त्याच उसन्या जागेवर मंडपासमोर खड्डा खणला होता. सहा इंच खोल, दीड फूट लांबरुंद. रात्री नऊ वाजता त्यात मनुस्मृती जळली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

म्हणजे हिशेब असा. भारताच्या इतिहासातली ती रात्र ज्या जमिनीवर उगवली ती जमीन सार्वजनिक नव्हती. गावात सार्वजनिक जागा असणारच, पण 'सार्वजनिक' या शब्दात आपण बसत नव्हतो. एका माणसाने आपली खाजगी जागा दिली म्हणून आपल्याला उभं राहता आलं. फत्तेखानाचे उपकार विसरू नका. पण उपकारावर उभं राहावं लागलं हेही विसरू नका. खाचराच्या मालकाची मर्जी आणि फत्तेखानाचा मोठेपणा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींच्या मुळाशी मात्र एकच उणीव आहे. आपली म्हणून सपाट जागा नव्हती.

तिसरा धडा : तळ्याभोवती घरं कुणाची?

१२ डिसेंबर १९२७ ला सवर्णांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला होता. चवदार तळं खाजगी आहे, अस्पृश्यांना तिथे बंदी ही पूर्वापार वहिवाट आहे, असं त्यांचं म्हणणं. १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. म्हणून २७ डिसेंबरला बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि लोकांनी तळ्याभोवती फेरी काढली, पाण्याला हात न लावता. तो दावा पुढे दहा वर्षं चालला. महाडचा निकाल १९३१ साली, ठाण्याचा १९३३ साली, आणि मुंबई हायकोर्टाचा १७ मार्च १९३७ ला. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. १९२२ साली गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच हे ब्रूमफील्ड. त्यांनी अपील फेटाळलं. अनादी काळापासूनची वहिवाट शाबीत झाली नाही, असं ठरलं.

त्या निकालपत्रात तळ्याचं वर्णन आहे. चार ते पाच एकरांचं तळं. चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते. रस्त्यांपलीकडे घरं सवर्णांची. जवळपास अस्पृश्याचं घर नाही.

आखणी करणाऱ्या प्रत्येक माणसाने हे चार ओळींचं वर्णन पाठ करावं. तळ्यावर पाटी नव्हती 'अस्पृश्यांना बंदी' म्हणून. पाटीची गरजच नव्हती. घरांची रांग हीच पाटी होती. ज्या जागेवर जायला दुसऱ्याच्या अंगणातून, दुसऱ्याच्या ओटीसमोरून, दुसऱ्याच्या नजरेतून जावं लागतं ती जागा खुली असूनही बंद असते. म्हणून मैदान कुठे होणार हा प्रश्न मैदान कसं होणार याच्या आधीचा आहे. नकाशावर बौद्धवाडी कुठे आहे? तिथून मैदानाला रस्ता आहे का पायवाट? पायवाट कुणाच्या सातबाऱ्यातून जाते? हे तीन प्रश्न विचारले की सभेत शांतता पसरते. ती शांतता ऐकायला शिका. तिच्यात इतिहास आहे.

आणि वहिवाट. सवर्णांनी कोर्टात वहिवाटीवर भर दिला आणि ती शाबीत करता आली नाही म्हणून ते हरले. आपण उलटं शिकायचं. आपली वहिवाट आपण पहिल्या दिवसापासून तयार करायची. मैदानावर आपण खेळतो, सभा घेतो, १४ एप्रिलला जमतो, याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात पडली पाहिजे. नोंद नसलेला हक्क दुसऱ्या पिढीत उपकार होतो.

चौथा धडा : रूळ कुणी ओढला?

आता खेळाकडे येऊ. मुंबईतली मैदानं आधी साहेबाची. १८८० च्या दशकात देशी पोरं एस्प्लनेडवर क्रिकेट खेळायची आणि साहेबांचे पोलोचे घोडे ती जमीन उकरून टाकायचे. अर्ज झाले, तक्रारी झाल्या. पुढे समुद्राकडच्या जमिनीवर जागा मिळाल्या त्या धर्मावर : पारशांचा जिमखाना, मुसलमानांचा जिमखाना, हिंदूंचा जिमखाना. मैदान धर्मानुसार कापलं गेलं. आपला वाटा कुठे? हिंदूंच्या वाट्यात, म्हणजे त्यांनी आत घेतलं तर.

बाळू पालवणकर हे नाव आजच्या पोरांना माहीत नाही. कोकणातल्या पालवणचं चांभार घराणं. पोरगा पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायला लागला, महिना तीन रुपये. मग साहेबांच्या पूना क्लबात : रूळ ओढायचा, जाळी बांधायची, आणि साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची. तासन् तास टाकली. बॅट मात्र हातात मिळाली नाही. बॅट साहेबाची. त्या गोलंदाजीतून देशातला त्या काळातला सगळ्यात मोठा डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. हिंदूंना जिंकायचं होतं म्हणून त्यांनी त्याला संघात घेतलं. मैदानात चेंडू त्याच्या हातून घ्यायचे आणि चहाच्या वेळी त्याला बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा द्यायचे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्याने शंभरावर बळी घेतले. तरी हिंदूंचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही भांडून, संघातून बाहेर राहून.

हाच बाळू १९३७ साली मुंबईच्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरुद्ध उभा राहिला आणि पडला. म्हणून आपल्यातले काही जण त्याचं नाव घेत नाहीत. मला वाटतं घ्यावं. राजकारणात तो चुकला असं म्हणा, पण खेळपट्टीवर त्याने ओढलेला रूळ खोटा नव्हता. त्याच्या आयुष्याने एक गोष्ट शाबीत केली. ज्यांना मैदान राखायला ठेवलं होतं त्यांच्यात मैदान गाजवायची ताकद होती. फक्त मैदान त्यांच्या नावावर नव्हतं.

म्हणून नूतनीकरणाच्या कागदात 'देखभाल' हा शब्द आला की थांबा. झाडलोट कोण करणार? शौचालय कोण साफ करणार? रूळ कोण ओढणार? आणि समितीत कोण बसणार, चावी कुणाकडे, स्पर्धा कुणाच्या नावाने? पहिल्या तिन्हींचं उत्तर आपल्या वाडीत आणि पुढच्या तिन्हींचं दुसऱ्या वाडीत मिळत असेल, तर मैदान नवं झालं पण गावगाडा जुनाच राहिला.

पाचवा धडा : मैदान म्हणजे फक्त खेळ नव्हे

वरळीच्या बी.डी.डी. चाळी इंग्रज सरकारने १९२० च्या दशकात बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी, खोली १६० चौरस फुटांची. एवढ्याशा खोलीत संसार मावत होता तो बाहेर मैदान होतं म्हणून. ५ जानेवारी १९७४ ला पँथरची सभा तिथल्याच मैदानावर होती. सभेवर दगड आले, दंगल पेटली, चाळीचाळीत पसरली. १० जानेवारीला निषेध मोर्चावर वरून पडलेल्या दगडाने भागवत जाधव गेला. आता त्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या भाडेकरूंना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर मोठं झालं, चांगलं झालं. आपली माणसं चाळीत सडावीत असं कुणी म्हणत नाही. पण खाली उतरून सभा घेता येईल अशी जागा शिल्लक राहते का, हे बघणं आपलं काम आहे. बिल्डरच्या नकाशावर 'सभा' नावाचा रंग नसतो.

आणि नागपूर. १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसं ज्या मैदानावर जमली त्या दीक्षाभूमीच्या नूतनीकरणाची योजना निघाली. त्यात जमिनीखाली गाड्यांचा तळ. खड्डा खणला, स्तूपाला धोका होईल म्हणून लोक बोलत राहिले, कुणी ऐकलं नाही. १ जुलै २०२४ ला लोक आत घुसले, सामान पेटलं, आणि त्याच दिवशी सरकारला विधानसभेत स्थगिती जाहीर करावी लागली. मग खड्डा बुजवायचं काम.

इथे आपण आपल्यालाही विचारलं पाहिजे. ही योजना एका रात्रीत झाली नव्हती. नकाशे निघाले होते, निविदा निघाल्या होत्या. तेव्हा आपण कुठे होतो? खड्डा पडल्यावर संताप येतो, तो खराच असतो. पण नकाशाच्या दिवशी आलेला संताप स्वस्तात पडतो. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ ला तळ्यावर उडी मारली नाही. कोर्टाचा कागद वाचला, थांबले, आणि दहा वर्षं लढून जिंकले. आपण उडी शिकलो. कागद शिकायचा राहिला.

सहावा धडा : जागा येते कुठून?

डोंगरातल्या गावात मैदानाला जागा शोधायची म्हटली की सगळ्यांचे डोळे गुरचरणाकडे वळतात. घाटावर त्याला गायरान म्हणतात. आणि गुरचरणावर कोण असतं? ज्याला स्वतःची जमीन नाही तो. कुणाची झोपडी, कुणाचा नाचणीचा तुकडा, कुणाच्या शेळ्या.

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो ह्याच पडीक आणि सरकारी जमिनींसाठी. हजारोंनी माणसं तुरुंगात गेली, बाया पोरांना कडेवर घेऊन गेल्या. त्या रेट्याचा परिणाम म्हणून पुढे १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय १९९१ साली निघाला. तरी अनेकांचं नाव सातबाऱ्यावर आलं नाही. २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं. त्यातही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जातीजमातींना सरकारने रीतसर दिलेल्या जमिनींना अपवाद ठेवला आहे. पण २०२२ मध्ये राज्यभर नोटिसा निघाल्या तेव्हा हा अपवाद किती तलाठ्यांनी वाचून दाखवला?

म्हणून मैदान पाहिजे असं म्हणताना आपल्यातल्याच एखाद्याचा तुकडा त्याखाली जात नाही ना, हे आधी बघा. क्रीडांगण हा शब्द गोंडस आहे. त्याच्या नावाने एखाद्या म्हातारीच्या नाचणीवर रोलर फिरवला तर विरोध करणाराच विकासाचा वैरी ठरतो. अशा वेळी आपल्या वाडीतली पोरंही मैदानाच्या बाजूने उभी राहतात, हे मी पाहिलं आहे. त्यांची चूक नाही, त्यांना खेळायचं आहे. पण पोरांचा खेळ आणि म्हातारीची नाचणी यांची झुंज कोण लावतं? ज्याच्या नावावर एकरांनी सपाट जमीन आहे, त्याचा बांधही न हलता.

दुसरी गोष्ट पाण्याची. डोंगर कापून सपाटी केली की पावसाचं पाणी वाट शोधतं. वरून येणारं पाणी मैदानाच्या कडेने कुठे सोडणार? गटार कुठल्या पऱ्याला मिळणार? खालच्या अंगाला वाडी असेल तर ते पाणी कुणाच्या चुलीत शिरणार? आपल्या तालुक्याला हे पुस्तकातून शिकायला नको. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात महाड शहर पाण्यात होतं. अशा रात्री माणूस कुठे पळतो? सपाट, मोकळ्या आणि कड्यापासून लांब असलेल्या जागेकडे. म्हणजे मैदान ही खेळाची जागा आहे तशी जीव वाचवायची जागा आहे. तिला कुलूप असेल आणि चावी एका घरात असेल, तर त्या रात्रीचं काय?

मग करायचं काय?

पहिलं, कायदा तोंडपाठ करा. घटनेच्या १५ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या जोडीला सरकारी पैशाने राखलेल्या, लोकांचा राबता असलेल्या जागा आहेत. बोले ठरावाच्या यादीत जे नव्हतं ते इथे आलं. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत या शब्दांवर चर्चा झाली. दफनभूमीही यात येते का, असा प्रश्न निघाला. सरकारी पैशाने राखलेली असेल तर तिथेही प्रत्येकाचा हक्क, असाच बाबासाहेबांच्या उत्तराचा रोख होता. जिथे मढं पुरायला हक्क आहे तिथे जित्या पोराला खेळायला नाही, असं कोण म्हणेल? अॅट्रॉसिटीच्या १९८९ च्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. सामाईक साधनसंपत्ती वापरण्यापासून किंवा सार्वजनिक जागी येण्यापासून अडवणं हा आता गुन्हा आहे.

कायदा आहे म्हणून भोळे होऊ नका. गुजरातेत पाटण जिल्ह्यातल्या काकोशी गावी जून २०२३ मध्ये शाळेच्या मैदानावर क्रिकेटचा सामना चालू होता. बघायला आलेल्या दलित मुलाने चेंडू उचलला. एवढंच. त्यावरून शिवीगाळ झाली, घरच्यांनी जाब विचारला, आणि संध्याकाळी चालून आलेल्या टोळक्याने त्याच्या घरच्या एका माणसाचा अंगठा कापला. एकलव्याची गोष्ट पुराणातली आहे असं कोण म्हणतं?

दुसरं, ग्रामसभेला जा. कोरमला १०० नाहीतर १५ टक्के मतदार लागतात, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणून पहिल्या दिवशी जा आणि तहकुबीच्या दिवशीही जा. मैदानाचा नकाशा भिंतीवर लावायला सांगा. वाचून दाखवायला सांगा. वर विचारलेले प्रश्न तिथे विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात. ते कुठे गेले तेही विचारा. आपल्या वाडीला समाजमंदिर मिळालं की बाकीचं गाव आपल्याला मोकळं होतं. मंदिर तुमचं, मैदान गावचं! समाजमंदिर पाहिजेच. पण ते मैदानाच्या बदल्यात नको.

तिसरं, बाया आणि मुली. २७ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले, आणि त्या बायांनी लुगडं नेसायची पद्धत बदलली. शंभर वर्षं होत आली. आपल्या वाडीतली किती मुली मैदानावर दिसतात? महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते, ती घ्या. तिथे मुलींना विचारा, दिवसाची कुठली वेळ, कुठला कोपरा, दिवा कुठे, शौचालय कुठे. सवर्णाने आपल्याला विचारलं नाही ही आपली तक्रार आहे. आपण त्यांना विचारलं नाही तर ती तक्रार आपल्यावर येते.

चौथं, आणि शेवटचं. मैदान झालं की पहिल्या दिवशी जा. उद्घाटनाला बोलावणं नसलं तरी जा. मारामारीला नाही, खेळायला. सगळ्या वाड्यांची पोरं मिसळून संघ करा. बौद्धवाडी विरुद्ध गाव असा सामना लावू नका. ती जुनीच आखणी झाली, फक्त फक्कीने काढलेली.

२० मार्च १९२७ ला लोक चवदार तळ्यावर गेले ते त्या पाण्यावाचून मरत होते म्हणून नव्हे. इतर माणसांसारखी आपणही माणसं आहोत हे शाबीत करायला गेले, असं बाबासाहेबांनीच पुढे महाडात सांगितलं. मैदानाचं तसंच आहे. खेळल्यावाचून कुणी मरत नाही. खाचरात खेळून आपण मोठे झालोच. पण आपल्या पोरांनी कुणाच्या मर्जीवर खेळू नये. ह्या डोंगराच्या मुलुखात थोडी सपाट जागा अशी असावी की जिथे चेंडू कुठेही गेला तरी आणायला कुणीही जावं.

टेप लागलेली आहे, खुंट्या ठोकल्या जाताहेत. उठा, बघून या.

जय भीम.